रेषा बारीक म्हणून तारा संथ?

इथे एकाने विचारलं होतं, मोठ्या दुर्बिणीतूनही तारा ठिपकाच दिसतो, मग त्याची गिरकी मोजायची कशी? वर्णपटातल्या, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश फोडून मिळालेल्या रंगपट्ट्यातल्या, काळ्या रेषांच्या रुंदीवरून. या रेषा ताऱ्यातल्या मूलद्रव्यांमुळे उमटतात. फिरत्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येते, तिचा प्रकाश निळ्याकडे सरकतो. दुसरी लांब जाते, तिचा तांबड्याकडे. ठिपक्यात सगळं मिसळून येतं, म्हणून रेष सरकत नाही, पसरते. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम ॲबनी यांनी हे १८७७ मध्येच सुचवलं होतं.

श्रवण नक्षत्राचा मुख्य तारा घ्या. वेग सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर. मॅग्नेशियमची ४४८ नॅनोमीटरजवळची रेष दोन्हीकडे साधारण ०.३६ नॅनोमीटर पसरते आणि परातीसारखी उथळ होते. (हायड्रोजनच्या रेषा इथे कामाच्या नाहीत, त्या दाबामुळे मुळातच रुंद असतात.) सूर्याचा विषुववृत्तावरचा वेग जेमतेम २ किलोमीटर.

पण 'रेषा बारीक म्हणजे तारा संथ' हे इथल्या एका प्रतिसादातलं विधान मला पटत नाही. अभिजित हा ताराच बघा. रेषांवरून वेग निघतो जेमतेम २० किलोमीटर. मात्र त्याच्या काही क्षीण रेषांचा तळ टोकदार नसून सपाट आहे, आणि मेख तिथेच आहे. अभिजितचा ध्रुव जवळजवळ आपल्याकडे आहे. भोवरा बरोबर वरून पाहिला तर त्याची कुठलीच कड आपल्याकडे येत नाही, तसंच हे. २००६ मध्ये अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून केलेल्या मोजणीत ध्रुव जास्त तापलेला आणि विषुववृत्त थंड दिसलं. जोरात फिरणाऱ्या ताऱ्याचं विषुववृत्त फुगतं आणि थंड पडतं. अभिजितचं हे थंड विषुववृत्त आपल्याला कडेला दिसतं, तिथे क्षीण रेषा जास्त गडद होतात, म्हणून त्यांचा तळ सपाट. खरा वेग २०० किलोमीटरच्या घरात. वर्णपट देतो तो वेगाचा फक्त आपल्या दिशेचा हिस्सा.