मदत हवी आहे: इंग्रजी बायोडेटात एटीकेटी कशी लिहावी?

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी इंग्रजी बायोडेटाचा नमुना तयार करतेय, एका जागी अडलंय.

पदवीचं पक्कं आहे. ‘बॅचलर्स डिग्री’ लिहिताना बी लहान आणि एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी, कारण अर्थ षष्ठीचा, ‘बॅचलरची पदवी’. पूर्ण नाव ‘बॅचलर ऑफ कॉमर्स’ लिहिलं की बी आणि सी मोठे, अपॉस्ट्रॉफी नाही. मुलं दोन्हींची सरमिसळ करून ‘बॅचलर्स ऑफ कॉमर्स’ लिहितात. ही चूक फार दिसते. ‘पास्ड आउट इन 2023’ही काढलंय, परदेशी वाचकाला ते ‘बेशुद्ध पडला’ असं वाटू शकतं. तिथे ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ हवं, आणि कॉलेजच्या नावाआधीचं ‘फ्रॉम’ गाळायचं नाही.

घोडं अडलंय ते एटीकेटीवर, म्हणजे एखाद्या विषयात नापास होऊनही पुढच्या वर्गात जायची मुभा. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ परदेशात कुणाला कळणार? ‘फेल्ड’ लिहिणं मुलावर अन्याय, कारण वर्ष वाया गेलेलं नसतं. नुसतं ‘ग्रॅज्युएट’ लिहिणं खोटं. सध्या ‘बॅचलर ऑफ कॉमर्स, वन पेपर पेंडिंग, एक्स्पेक्टेड 2026’ असं ठेवलंय. पण ‘पेपर’ म्हणजे तिकडे निबंध किंवा शोधनिबंधही होतो.

परदेशी अर्ज तपासणाऱ्यांनी कृपया सांगा: ‘वन कोर्स रिमेनिंग’ बरं, की नुसतं ‘एक्स्पेक्टेड’ पुरे?