बाळंतपणानंतरचं नैराश्य : तुमच्या घरात काय चाललं होतं?

बाळ झाल्यावर पहिले काही दिवस कारण नसताना रडू येतं. बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर तो आजार. भारतातल्या 38 अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हे प्रमाण साधारण 22 टक्के निघालं होतं. हार्मोन्सवर पुष्कळ लिहून झालंय, इथे घराबद्दल लिहा. नाव नको, फक्त भाग सांगा.

वाकड : सिझर झालं. आई पंधरवड्यात लातूरला परतली, बाबांचं पथ्यपाणी होतं. नवऱ्याचे रात्री अमेरिकेचे कॉल, दिवसा झोप. बाराव्या मजल्यावर मी आणि बाळ. डिलिव्हरीवाला यायचा तेव्हा ओटीपी सांगून झाल्यावरही दार लावावंसं वाटायचं नाही.

सदाशिव पेठ : आमच्याकडे उलट, माणसंच माणसं! आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, सगळं वेळच्या वेळी. सासूबाईंना नावं ठेवायला जागा नाही. पण दुसरीही मुलगी. पहिलीच्या वेळी बर्फी वाटली होती, या वेळी तीही नाही. फोनवर सगळ्यांना "दोघीही सुखरूप आहेत हो, तेच महत्त्वाचं," असं सांगणं चाललेलं, आणि मी आतल्या खोलीत कान बांधून ऐकतेय. बाळ रडलं की जो तो विचारायचा, "दूध पुरतंय ना?" मला झोप पुरतेय का, हे कुणी विचारलं नाही. गोव्यातल्या 2002 च्या अभ्यासात मुलगी होणं, गरिबी आणि नवऱ्याची मारहाण ही कारणं पुढे आली होती. यातलं पहिलं आमच्या सुशिक्षित घरात होतंच की.

हडपसर (बाबा) : आत्याने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरबाईंनी बाळाआधी हिलाच विचारलं, "बाळ झोपल्यावर तरी झोप लागते का?" मग दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हा शेवटचा प्रश्न. तिथे ही अडली. मानसोपचारतज्ज्ञांनी अंगावर पाजताना चालणारी गोळी दिली. रात्रीचं बाळ मी घेतलं.

येरवडा : आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं, त्यांना विचारून लिहितेय. 2017 पासूनची 26 आठवड्यांची रजा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. सव्वा महिना घरी बसल्या असत्या तर कामं दुसरीला गेली असती. नवरा पितो. "रडायला टाइम कुठंय, वहिनी?"

कात्रज (आजी) : "आमच्या वेळी नव्हतं असलं," म्हणणाऱ्यांसाठी. होतं. माझ्या जावेला डोक्यावर परिणाम झालाय म्हणून माहेरी धाडलं आणि तान्हं इकडे ठेवून घेतलं.

धायरी : बाळ तीन महिन्यांचं आहे, आणि वरचं सगळं माझंच वाटतंय. सासरी सांगू कसं?

हडपसर (बाबा) : सासरचं नंतर बघू. आधी 14416 ला फोन करा, टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही चालू असतं. त्या शेवटच्या प्रश्नासारखं काही मनात येत असेल, तर आत्ताच करा आणि घरातल्या एकाला तरी जवळ बसवा.