पोरांचे शाळेचे कपडे घरीच शिवतेय. वाढीची माया, म्हणजे शिवणीत-दुमडीत ठेवायचं जादा कापड, नेमकी कुठं ठेवायची?

जांबोटीकडची

नमस्कार मंडळी. मे संपत आला, शाळा दाराशी आली आणि माझ्या मशीनवर अजून नुसतं कापड पडलंय. आमच्याकडे कर्नाटकात शाळा जूनच्या तोंडालाच भरते. बहीण चंदगडला दिलीय, म्हणजे महाराष्ट्रात, तिच्या पोरांना १५ जूनपर्यंत सुट्टी. फोन केला की म्हणते, "मी अजून कापडच घेतलं नाही गे." मला इथं रात्री झोप नाही.

टेलरकडे जाऊन आले. लग्नाचे ब्लाउज संपल्याशिवाय पोरांच्या कपड्यांना हात लावणार नाही म्हणाला. त्याचंही बरोबर आहे, सीझन तोच. रेडीमेड स्कर्ट बघितला तर खालची दुमड अर्धा इंच. पोरगी दिवाळीपर्यंत त्यातून बाहेर येणार, मग सोडायचं काय? म्हणून यंदाही घरीच शिवायचं ठरवलं. मशीन आईची, जुनी पायाची उषा, लग्नात निपाणीहून माझ्याबरोबर आलेली.

"यंदाही" म्हटलं, कारण गेल्या वर्षी एक प्रताप करून झालाय. मुलगा पहिलीला. त्याची जुनी चड्डी अर्धी दुमडून कागदावर ठेवली, पेन्सिल फिरवली आणि चारी तुकडे एकसारखे कापले. शिवून झाल्यावर दिसायला एकदम झकास. पहिल्याच दिवशी प्रार्थना झाली, बाई म्हणाल्या खाली बसा, हा मांडी घालायला गेला आणि मागं टर्रकन. कुणाला न सांगता दिवसभर भिंतीला टेकून बसला. संध्याकाळी घरी आला तो दप्तर पाठीवर नाही, त्याच्याही खाली धरून. मला वाटलं पट्टा तुटला. आजीनं बघितलं आणि जी हसत सुटली, तो रडायला लागला. मी दोरा कच्चा निघाला असं सगळ्यांना सांगितलं. दोरा कच्चा नव्हता, शिवण जशीच्या तशी होती. कापड फाटलं होतं शिवणीच्या बाजूनं. कशामुळं ते मला आजवर कळलेलं नाही.

आता यंदा मुलगा दुसरीत, मुलगी पाचवीत. तिला नेव्ही ब्लू बॉक्स प्लीटचा स्कर्ट, त्याला त्याच कापडाची हाफ पँट, दोघांना शनिवारचा पांढरा शर्ट. बेळगावच्या गणपत गल्लीतून टेरीकॉट आणलंय, पन्हा (कापडाची रुंदी) ५८ इंच. मुलीची कंबर २४, स्कर्टची उंची १८. प्लीटचा हिशेब मला जमेना, कागद दुमडून दुमडून वहीची पानं संपली. पांढरं कापड सुती पॉपलीन आहे, गेल्या वर्षी तेच आणलं होतं, पहिल्या धुण्यात बाह्या वर गेल्या. आणि आमच्याकडची तांबडी माती आणि पांढरा शर्ट हे काय प्रकरण आहे ते खानापूरकरांना सांगायला नको.

पण मुख्य विचारायचं ते असं, की वाढीसाठी कापड ठेवायचं तर कुठं आणि किती? सगळीकडंच ढगळ केलं तर पोरगं बुजगावणं दिसतं.

शहापूरचा शिंपी

ताई, चड्डी का फाटली ते आधी सांगतो, कारण तीच चूक यंदा परत कराल.

पुढचा आणि मागचा भाग एकसारखा कापायचा नसतो. माणूस बसला की पुढं कापड गोळा होतं आणि मागं ताणलं जातं. म्हणून मागच्या तुकड्याचं आसन, म्हणजे दोन पायांमधला बसायचा भाग, मोठं लागतं. मुलाची सीट, म्हणजे बसायच्या जागेचा घेर, २५-२६ इंच असेल तर मागच्या तुकड्याचा आसनाचा कोपरा पुढच्यापेक्षा दीड इंच बाहेर काढा, आणि मागची कंबर मधल्या शिवणीपाशी इंचभर वर चढवा, कडेला येईपर्यंत उतरवत आणा. जुनी चड्डी दुमडून गिरवली की हा फरक दिसतच नाही, कारण तुम्ही वरचा थर गिरवता. गिरवायची असेल तर एक बाजू पूर्ण उसवून, इस्त्री करून, पुढचा आणि मागचा तुकडा वेगवेगळा गिरवायचा.

दोरा पक्का होता हे तुम्हीच लिहिलंय. दोरा पक्का, टीप बारीक, माया कमी, आणि ओढ सगळी कापडावर. मग कापडच जाणार. आसनाला दोनदा टीप मारा, दुसरी पहिलीच्या अगदी अंगावरून. गोलाईला टीप मारताना कापड किंचित ओढून धरा, म्हणजे बसताना दोरा ताणला तरी तुटत नाही.

वाढीचं म्हणाल तर या वयाची पोरं वर्षाला दोन-अडीच इंच वाढतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ पायात जाते. रुंदीत फारशी नाही. त्यामुळं ढगळ करायचं कारणच नाही, लांबी ठेवा. पँटची खालची दुमड तीन इंच. मागच्या मधल्या शिवणीत कंबरेपाशी दीड इंच माया, खाली आसनाकडे येताना पाऊण इंचावर आणा. बेल्टही, म्हणजे कंबरेची पट्टी, मागं मधे जोडा म्हणजे सोडता येतो. शर्टाला बाहीची दुमड दीड इंच आणि कडेच्या शिवणीला एक इंच. खांदा मात्र मापाचा. खांदा उतरला की पोरगं थोरल्या भावाची अंगी घालून आल्यासारखं दिसतं, मग बाकी कितीही चांगलं शिवा.

सुई १४ नंबर, नवी. टेरीकॉटला दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोऱ्यानं शिवण गोळा होते.

मागाशेजारची मावशी

मी इचलकरंजीची, सासर-माहेर दोन्हीकडं माग. सबंध जन्म कापडात गेला पण शिवण आपली घरापुरतीच, काकांच्या पुढं बोलायचं म्हणजे आगाऊपणा. तरी एका ठिकाणी मी त्यांचं ऐकणार नाही, ते खाली सांगते.

आधी पॉपलीन. माग चालताना ताणा, म्हणजे उभे धागे, ओढून धरलेला असतो, पुढं प्रोसेसला परत ओढतात. पाण्यात पडलं की कापड सैल होऊन आपल्या मूळ जागी जातं, त्यालाच आपण आटलं म्हणतो. म्हणून आटतं ते जास्त करून उभ्या धाग्यात, आणि बाही आपण उभ्या धाग्यातच कापतो. कापडाचा दहा इंचाचा चौकोन कापा, धुवा, वाळवा, मोजा. साडेनऊ भरला तर शंभराला पाच गेलं. २२ इंचाच्या शर्टात इंचाहून जास्त. सगळं कापड रात्रभर साध्या पाण्यात घाला, पिळू नका, सावलीत टाका, ओलसर असतानाच इस्त्री फिरवा आणि मग बेता. टेरीकॉटला एवढं करायची गरज नाही, एकदा भिजवलं तरी पुरे.

आता स्कर्ट. काका स्कर्टलाही दुमड खालीच ठेवा म्हणतील. प्लीटच्या स्कर्टला खाली ठेवू नका. वर्षानं दुमड सोडली की जुन्या घडीची रेघ पांढरी पडलेली असते, शिवाय खालच्या तीन इंचात प्लीटची घडी उलटीसुलटी बसलेली असते, ती कितीही इस्त्री करा, सरळ होत नाही. मी माझ्या दोन्ही पोरींना वाढ वर दिली. खालची दुमड इंच-दीड इंच कायमची करून टाकायची, प्लीट वरपासून खालपर्यंत सरळ पाडायचे आणि वरचं दोन इंच कापड बेल्टच्या आत दुमडून ठेवायचं. पुढच्या वर्षी बेल्ट उसवायचा, स्कर्ट खाली सरकवायचा, परत बेल्ट. खालून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

तांबड्या मातीला ओलं असताना हात लावू नका. वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग थंड पाण्यात साबण. ब्लिचिंग अजिबात नको. त्या मातीत लोखंड असतं, डाग जायचा राहतो आणि पिवळा पडतो. राहिलाच तर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा. ऊन मिळालं तर.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट

एक विचारू का, राग मानू नका. दोन पोरांचे कपडे, दोरा, बटणं, तुमचे आठ दिवस, बेळगावला येण्याजाण्याचं भाडं. हिशेब केला तर रेडीमेडच स्वस्त पडत नाही काय? आमच्या घरीही दरवर्षी हाच वाद होतो, म्हणून विचारलं.

जांबोटीकडची

स्वस्त पडत असेलही. माझे आठ दिवस कुणी विकत घेणार असेल तर पत्ता कळवा की, मी लगेच रेडीमेड घेते.

भाड्याचं म्हणाल तर बेळगावला मी कापडासाठी गेले नव्हते, सासूबाईंच्या डोळ्यांसाठी गेले होते. गणपत गल्ली वाटेत.

काका, पुढं-मागं वेगळं कापायचं हे वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. वर्षभर त्या दोऱ्याला शिव्या घातल्या. आता प्लीटचा हिशेब तेवढा सांगा. बॉक्स प्लीटला तिप्पट कापड लागतं म्हणतात, म्हणजे ७२. माझा पन्हा ५८. जोड द्यावा लागेल काय?

शहापूरचा शिंपी

जोड नको. तिप्पट लागतं ते आतल्या घड्या एकमेकींना भिडवायच्या असतील तर. शाळेच्या स्कर्टला न भिडल्या तरी चालतं, उलट पावसात लवकर वाळतो.

५८ मधले दोन इंच कडेच्या शिवणीला द्या. राहिले ५६. आठ बॉक्स पाडा. प्रत्येकाला सात इंच, त्यात तीन इंच वर दिसणारा चेहरा आणि चार इंच आत, दोन्ही बाजूंना दोन-दोन. आठ त्रिक चोवीस, झाली कंबर. खडूनं वर आणि खाली दोन्हीकडं खुणा करा, नुसत्या वर केल्या की प्लीट तिरका जातो. आधी खालची दुमड घाला, मग प्लीट पाडा, कच्चा धावदोरा घाला आणि ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबा. घासू नका, दाबा. टेरीकॉटमधलं पॉलिएस्टर उष्णतेनं घडी धरतं. फडक्याशिवाय इस्त्री लावली तर कापड चकाकतं आणि ती चकाकी जात नाही.

कंबर वाढली तर वाढ घडीतच आहे. प्रत्येक बॉक्समधून पाव इंच सोडला की आठ बॉक्सचे दोन इंच मिळतात. फक्त बेल्ट आताच तीस इंच कापा आणि जास्तीचा आत दुमडून ठेवा. बेल्टच आखूड असला तर घडीतली माया काय कामाची?

मावशी म्हणतात ते वरून सोडायचं, ते बरोबर आहे. आम्ही दुकानात करत नव्हतो कारण वेळ लागतो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. घरी करायचं तर तेच करा. रेघ पडते हे खोटं नाही, आम्ही त्यावर व्हिनेगरचं पाणी लावून इस्त्री करायचो, अर्धी जायची.

जांबोटीकडची

उशिरा लिहितेय. शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले. पाऊस सुरू झाला आणि मशीनचा चामडी पट्टा दमट होऊन सैल पडला, पाय मारला की चाक फिरायचं, सुई हलायची नाही. तार काढून बोटभर कापला, परत तार अडकवली, तेव्हा कुठं चाललं. त्यात दीड दिवस गेला.

पॉपलीनचा चौकोन धुतला, साडेनऊला एक रेघ कमीच भरला. मावशींना मनातल्या मनात नमस्कार केला आणि सगळं कापड बादलीत घातलं.

चड्डी काकांच्या मापानं. मागचा तुकडा कापून पुढच्याशेजारी ठेवला तर एवढा मोठा दिसला की वाटलं काहीतरी चुकलंच. दोनदा टेप लावला. घालून बघताना मुलानं सरळ उभं राहायला नकार दिला, आधी मांडी घालून बसला, मग उकिडवा, मग परत मांडी. गेलं वर्ष विसरलेला नाही तो. शाळेत जाताना एक जुनी चड्डी दप्तरात ठेव म्हणाला. मी ठेवली. अजून तरी तिला हात लागलेला नाही, पण दप्तरातून काढूही देत नाही.

स्कर्ट झाला. आठ बॉक्स, वर दोन इंच आत. त्यातला एक प्लीट उलटा बसलाय, चेहरा आत आणि घड्या वर. धावदोरा काढल्यावर लक्षात आलं आणि बेल्ट उसवायचं माझ्या जिवावर आलं. मुलीला म्हटलं, तो मागं येईल असा घाल. तिनं पहिल्या दिवशी तसा घातला, दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम पुढं घालतेय. खुंटीवर चार जणींचे स्कर्ट असले तरी आपला ओळखू येतो म्हणते. खेळाच्या तासाला कुणाचे स्कर्ट खुंटीवर असतात देव जाणे.

शनिवारचे दोन्ही शर्ट गुरुवारपासून चुलीवरच्या दोरीला आहेत. कॉलर अजून ओली. बक्रम, म्हणजे कॉलरमधलं कडक अस्तर, जाड घातलं की काय मी? काका, बघून सांगा, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला कोणतं घालायचं.

शहापूरचा शिंपी

बक्रम काढा, पातळ फ्यूज लावा, इस्त्रीनं चिकटतं ते. एकाच बाजूला.