बारा वर्षांखालील फुटबॉल: गोलफरकाने बाद झालो आणि पालकांत दोन तट पडले

मानेवाडा_पालक

स्पर्धा नागपुरातलीच, नाव देत नाही. बारा वर्षांखालची मुलं, सात-सात जणांचा सामना, 20-20 मिनिटांचे दोन हाफ, बदल्या कितीही करा. गटात चार संघ, पहिले दोन उपांत्य फेरीत. आमचा संघ अ समजा. अ ने ड ला 4-0 आणि क ला 2-1 हरवलं, शेवटच्या सामन्यात ब कडून 0-4 हरले. ब ने ड ला 3-0 हरवलं पण क कडून 1-2 असा मार खाल्ला. ड शेवटच्या सामन्याला आलाच नाही, म्हणून क ला 3-0 वॉकओव्हर मिळाला. तिघांचे 6-6 गुण. नियमपत्रकात क्रम असा आहे: आधी एकूण गोलफरक (केलेले वजा खाल्लेले), मग केलेले गोल, मग आपसातला निकाल, शेवटी चिठ्ठी. ब +6, क +3, आम्ही +1. बाहेर.

तेव्हापासून पालकांच्या ग्रुपवर रणकंदन चालू आहे. एका तटाचं म्हणणं: क ला आपण मैदानात हरवलंय, त्यांचे तीन गोल फुकटचे, लेखी हरकत घ्या. शिवाय मध्यंतराला 0-1 च होतं, सरांनी दुसऱ्या हाफला पाच राखीव मुलं एकदम उतरवली म्हणून उरलेले तीन गोल बसले. दुसरा तट म्हणतो: फी सगळ्यांनी सारखी भरली, बाराही मुलं खेळलीच पाहिजेत, या वयात उपांत्य फेरीचं काय घेऊन बसलात! यात आमचा गोलकीपर सरावाला यायला नाही म्हणतोय. त्या तीनपैकी दोन गोल आमच्याच गोलकिकनंतर (चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर आपल्या गोलजवळून मारायची किक) लगेच झाले, हेही सांगून ठेवतो.

हरकत टिकेल का? सरांचं चुकलं का? आणि मुलांशी नेमकं काय बोलावं?

शिट्टी_आणि_कार्ड

हरकतीचं आधी. टिकणार नाही, आणि ड चे सगळे सामने रद्द झाले तरी उपयोग नाही. कागद घ्या आणि ड चे सगळे सामने पुसून टाका. उरले तिघांचे आपसातले तीन. ब: 1-2 आणि 4-0, फरक +3. क: 2-1 आणि 1-2, फरक 0. अ: 2-1 आणि 0-4, फरक -3. क्रम पुन्हा ब, क, अ. ड चे सगळे सामने धरा किंवा सगळे सोडा, तुम्ही तिसरेच.

‘क ला आपण हरवलंय’ हा मुद्दा दोन संघांची बरोबरी असेल तेव्हा चालतो. इथे तिघं चक्रात अडकलेत: अ ने क ला, क ने ब ला, ब ने अ ला हरवलं. प्रत्येकाकडे एकाला हरवल्याची पावती आहे.

आणि वॉकओव्हरला 3-0 हा आकडा आयोजकांनी खिशातून काढलेला नाही. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये सामना बहाल झाला की फिफाच्या शिस्तसंहितेतही 3-0 च धरतात. फुटसालला (पाच-पाच जणांच्या इनडोअर फुटबॉलला) 5-0 असतो. तुमच्या पत्रकात 3-0 लिहिलं असेल तर विषय संपला.

खरी गंमत शेवटच्या सामन्यात आहे, आणि ती ग्रुपवर कोणी मांडलेली दिसत नाही. तुम्ही 0-2 ने हरला असता तर तुमचे सहा गोल केलेले, तीन खाल्लेले, फरक +3. क चेही सहा आणि तीन, +3. केलेले गोलही सारखे, मग आपसातला निकाल, म्हणजे तुम्ही पुढे. 1-3 ने हरलात तरी केलेल्या सात गोलांवर पुढे. 0-3 ला मात्र बाहेर. पण हेच पत्रक ‘आधी बरोबरीतल्या संघांचे आपसातले सामने’ असं असतं, तर 0-2 लाही तुमचा आपसातला फरक -1 आला असता, म्हणजे बाहेर. त्यामुळे तो क्रम लॉट (कोण कोणत्या गटात याची चिठ्ठी) पडायच्या आधी मोठ्याने वाचायचा असतो. हरल्यावर वाचला की प्रत्येक ओळीत कट दिसायला लागतो.

ड येणार नाही हे तुमच्या सामन्याआधी कळलं होतं का, हे सरांना विचारा. कळलं असेल तर किती गोलने हरलं तरी चालेल हा आकडा त्यांच्याकडे तयार असायला हवा होता. फक्त तो मुलांना सांगायचा नसतो. कारण 0-2 ला ब सुद्धा +4 वर गटात पहिला राहत होता, म्हणजे दोन्ही संघांना तो निकाल सोयीचा. 1982 च्या विश्वचषकात गिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया 1-0 वर असेच रमतगमत खेळले आणि अल्जीरिया घरी गेलं. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी होतात. आपल्याकडे मैदान एक, पंच दोन, त्यामुळे ते जमत नाही. मग निदान कोणाचा सामना शेवटी ठेवायचा हे तरी चिठ्ठीने ठरवावं.

बाकडं_नंबर_8

आता बदल्यांचं. मुलं उतरवली यात सरांचं काही चुकलेलं नाही. पाच एकदम उतरवली, तिथे चुकलं.

हिशेब बघा. सात जागा गुणिले 40 मिनिटं, म्हणजे 280 मिनिटं. गोलकीपर पूर्ण वेळ ठेवला तर उरतात 240 मिनिटं, खेळाडू 11. प्रत्येकी जेमतेम 22 मिनिटं. म्हणजे समान वेळ देणं एका सामन्यात सहज बसतं, त्यासाठी दुसरा हाफ ओवाळून टाकायची गरज नाही. दर पाच मिनिटांनी दोन मुलं आत, दोन बाहेर. सामन्यात असे सात वेळा थांबे मिळतात, त्यातला एक मध्यंतराचा. गोलकीपर, मधला बचावपटू आणि मधल्या फळीतला एक, या तिघांपैकी एका वेळी एकालाच हात लावायचा. बाकड्यावरच्या वहीत आधीच तक्ता आखलेला हवा: डावीकडे नावं, वर मिनिटं, खेळतोय तिथे फुली. सामना चालू असताना ‘आता कोणाला पाठवू’ असं ठरवायला गेलं की मोठ्याने ओरडणाऱ्या पालकाचं पोरगं आत जातं. सगळीकडे हेच.

पाच एकदम बदलले की काय होतं? नवीन मुलांची अंगं थंड, समोरचे 20 मिनिटं पळून गरम. कोण कोणाला धरणार हे ठरलेलं नसतं. आणि गोलकिकला गोलकीपर मान वर करतो तर ओळखीच्या जागी ओळखीचा माणूस नाही. 2019 पासून गोलकिक पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर जायची अट गेली, आतच जवळ पास देता येतो. टीव्हीवर छान दिसतं. बारा वर्षांचं पोरगं तो पास पाठ करून घेतं, चेंडू हलला की समोरचे दोघं धावत येतात, आणि गोल. तुमचे ते दोन गोल बहुतेक याच जातीचे असणार. बदली झाल्यावरच्या पहिल्या दोन गोलकिक लांब आणि कडेला मारायच्या, एवढी एक सूचना पुरली असती. लहानांच्या काही स्पर्धांत गोलकिकला समोरच्या संघाने अर्ध्या मैदानापर्यंत मागे हटायचं असा नियम ठेवतात. पुढच्या वेळी आयोजकांकडे मागायचंच तर हे मागा.

रेशीमबाग_पाचची_बॅच

वरचं सगळं बरोबर, पण ‘समान वेळ’ या शब्दावरच तर भांडून राहिले ना सगळे! गटसाखळीत अर्धा वेळ प्रत्येकाला, हे मान्य. बाद फेरीत तोच नियम ठेवायचा की सरांच्या मर्जीवर सोडायचं, हे हंगाम सुरू होतानाच कागदावर पाहिजे. माझं मत सांगतो: बाद फेरीत किमान 10 मिनिटं प्रत्येकाला, बाकी सरांची मर्जी. आणि सरावाला चारपैकी तीन दिवस न येणाऱ्याला ती हमीही नको. याच्यावर पालकांच्या सह्या घ्या, फीच्या पावतीसोबतच. सह्या नसल्या की ज्याचं पोट्टं चांगलं खेळते तो ‘जिंकायसाठी आलो’ म्हणते, ज्याचं बाकड्यावर बसते तो ‘खेळायसाठी आलो’ म्हणते. दोघंही खरं बोलून राहिले, पण सरांनी काय कबूल केलं होतं तेच कोणाला माहीत नाही.

पोरांशी बोलायचं म्हणाल तर सामना संपल्यावर पहिला अर्धा तास फक्त अंगाचा आहे. हात मिळवणे, पाणी, बूट-शिनगार्ड काढणे, कोरडा टीशर्ट. सरांनी दोन वाक्यं बोलावी आणि सोडावं. आईबापांनी गाडीवर मागे बसवल्या बसवल्या ‘तो पास काऊन दिला बे’ सुरू करू नये. तर्री-पोहे खाऊ द्या आधी. स्वतःहून विचारलं तर उत्तर द्या, नाही विचारलं तर रात्रीपर्यंत गप्प. ‘पंचाने खाल्लं’, ‘त्यांची पोट्टी वयाने मोठी होती’, ‘वॉकओव्हरने फसवलं’, हे तर अजिबात नाही. आज दिलासा वाटते, पण पुढच्या हारीला पोरगं आधी पंचाकडे पाहते.

एक गोष्ट मात्र जरूर करा: वर शिट्टीवाल्या भाऊंनी मांडलेला तक्ता पोरांकडूनच भरून घ्या. सहावीतल्या पोराला ऋण संख्या येतात. त्यानेच +6, +3, +1 काढलं की ‘आपण दोन जिंकून बाहेर कसे’ याचं उत्तर त्याला मोठ्यांच्या भांडणातून शोधावं लागत नाही.

गोलपोस्ट_मागे

गोलकीपरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ‘तुझी चूक नव्हती’ एवढं सांगून भागत नाही, त्याने गोल खाल्लेले सगळ्यांनी पाहिलेत. प्रत्येक गोल तीन पास मागे नेऊन त्याच्यासोबत कागदावर काढा: चेंडू कुठे गेला, कोण मोकळा सुटला, शॉट कुठून आला. चारपैकी त्याच्या हातातला असा एखादाच निघतो, आणि तो कोणता हे तोच बोट ठेवून सांगतो. मग सराव त्या एकाचाच. समजा जमिनीलगतचा चेंडू बगलेतून गेला असेल, तर आठ-दहा मीटरवरून हळू घरंगळते चेंडू, 10 डावीकडे, 10 उजवीकडे, शरीर चेंडूच्या मागे आणून. पंधरा मिनिटं, मग बंद. पहिल्या दिवशी जोरात शॉट मारायला कोणालाही उभं करू नका, विशेषतः संघातल्या त्या एका पोराला, जो जोरातच मारतो.

आणि दोन आठवडे सरावात प्रत्येक मुलाला आळीपाळीने पाच मिनिटं गोलमध्ये उभं करा. टोमणे तिसऱ्या दिवशी बंद होतात. दुसरा गोलकीपरही सापडतो, जो तुमच्याकडे नाही असं दिसतंय.

मानेवाडा_पालक

सगळ्यांचे आभार. तक्ता ग्रुपवर टाकला, हरकतीचा विषय मिटला. ड येणार नाही हे सरांना सामन्याच्या अर्धा तास आधी कळलं होतं, पण पत्रक त्यांच्या हातात नव्हतं. आता नवीन वाद: एक गट म्हणतो सरांनी पालकांची माफी मागावी.

शिट्टी_आणि_कार्ड

माफीबिफी सोडा. ग्रुप एक दिवस फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करून ठेवा आणि सरांकडून तीन गोष्टी लेखी घ्या: बदल्यांचा नियम, सामन्याच्या दिवशी पत्रक आणि गुणतक्ता कोणाकडे असणार, आणि आयोजकांशी संघाच्या वतीने कोण बोलणार. तिसऱ्या कामाला पालकांतला एकच माणूस, आणि शक्यतो ज्याचं पोरगं ना हिरो ना बाकड्यावरचं, असा.

आयोजकांना पत्र लिहायचंच असेल तर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या संघांसाठी वेगळी छोटी बाद फेरी मागा. दोन गट असतील तर चार संघ, दोन उपांत्य आणि एक अंतिम, प्रत्येकी 10-10 मिनिटांचे हाफ. मधला वेळ धरून दीड तासात उरकतं. मुख्य उपांत्य सामन्यांच्या आधी सकाळी सातला लावलं तर ऊनही लागत नाही, आणि पंचांचं मानधन तेवढं तीन सामन्यांचं वाढतं, ते चार संघांत वाटून घ्या.