मदत हवी आहे: ल्युपससाठी इंटरफेरॉन रोखणारं औषध

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे. धाकट्या बहिणीला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि स्टिरॉइड चालू असूनही सांधे धरतात, उन्हात गेली की चेहऱ्यावर चट्टे उठतात (गोव्यात ऊन टाळायचं तरी किती). मामींच्या संधिवातावर टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं छान लागू पडली. पण ल्युपसमध्ये मोठा वाटा टाइप-१ इंटरफेरॉनचा (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या प्रथिनांचा) असतो, आणि टीएनएफ अडवल्यावर काहींना उलट ल्युपससारखीच लक्षणं होतात, असं वाचलं. इंटरफेरॉनचा रिसेप्टर (पेशीवर ते जिथे चिकटतं ती जागा) अडवणारं ॲनिफ्रोलुमॅब अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. ते किंवा बेलिमुमॅब (ल्युपसचंच दुसरं औषध) इथे कोणी घेतलंय का? बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) मिळतं का? दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) खर्च बसतो का? नागीण किंवा इतर संसर्गाचा त्रास झाला असेल तर तेही जरूर सांगा. पुढच्या तपासणीत डॉक्टरांशी हे सगळं बोलायचं आहे.