आयर्न मॅन ३ चा शेवट: किलियनला टोनीनेच मारायला हवं होतं का?

रातकिडा

काल रात्री आयर्न मॅन ३ परत बघितला. एप्रिल २०१३ मध्ये आपल्याकडे अमेरिकेच्या आठवडाभर आधी लागला होता, आणि तेव्हा थिएटरच्या पायऱ्या उतरता उतरताच माझं न चुलतभावाचं जुंपलं होतं. ते भांडण अजून मिटलेलं नाही म्हणून इथे मांडतोय. त्याचं म्हणणं, शेवटी व्हिलनला टोनीची प्रेयसी पेपर मारते, मग आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, होता कशाला? माझं म्हणणं, तिनेच मारायला हवं होतं, दुसरा कुठलाही शेवट मला खोटा वाटला असता.

आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९ च्या थर्टीफर्स्टला बर्नमध्ये टोनी एका माणसाला गच्चीवर भेटतो म्हणून सांगतो आणि जातच नाही, तो हा किलियन. पुढे तो एक्स्ट्रिमिस नावाचं द्रव्य घेऊन परत येतो, ज्याने तुटलेला हात परत उगवतो आणि माणूस आतून निखाऱ्यासारखा तापतो. तो पेपरला पळवतो, तिलाही तेच टोचतो, टोनीचा मित्र ऱ्होडी याला पकडून त्याचा सूट, म्हणजे उडतं चिलखत, काढून घेतो, आणि राष्ट्राध्यक्षाला त्याच सूटमध्ये कोंडून बंदरात तेलाच्या जहाजावर साखळ्यांनी टांगतो. त्यांना सोडवायला टोनी तिथे पोचतो तेव्हा अंगावर सूट नाही, हातात फक्त पिस्तूल.

आता माझा मुद्दा. या सिनेमांमध्ये चिलखत नेहमी उशिरा पोचतं. २००८ चा पहिला भाग आठवा, अफगाणिस्तानातली गुहा, कॉम्प्युटरवर ती पट्टी हळूहळू भरतेय, सूट चालू व्हायला अजून वेळ आहे आणि बाहेरून माणसं आत यायला लागलीयेत. टोनीसोबत कैदेत असलेल्या यिन्सेनला कळतं की वेळ पुरणार नाही, तो बंदूक उचलतो आणि बाहेर धावतो, टोनीला दोन मिनिटं मिळावीत म्हणून. सूट चालत बाहेर येतो तोवर यिन्सेन पोत्यांवर पडलेला असतो. तिसऱ्या भागात टोनी मायामीच्या बंगल्यात बांधलेला, सूट टेनेसीतून उडत यायचाय, तो पहारेकऱ्यांना धमक्या देतोय, सेकंद मोजतोय आणि काहीच येत नाही, नंतर कधीतरी येतो तो एक हात आणि एक बूट, आणि तेवढ्यावर हा गडी एका हाताने एका पायाने लढतो. मला तर तोच अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भारी सीन वाटतो. आणि जहाजावर टोनीचा नवा सूट, मार्क ४२, एकदाचा येतो तो लोखंडाला धडकून तुकडे तुकडे होऊन पसरतो.

म्हणजे ऐन वेळी धावून येतात ती माणसं. यिन्सेन आला, ऱ्होडी आला, पेपर आली. म्हणून शेवटचा वार तिचा.

कोकणकडा

पूर्ण असहमत. तुम्ही ज्याला मुद्दा म्हणताय तीच माझी तक्रार आहे.

२०१२ च्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये याच माणसाने अणुबॉम्बचं क्षेपणास्त्र खांद्यावर घेऊन आकाशातल्या भगदाडात नेलं होतं, आणि वर्षभरात त्याच्या सूटची ही अवस्था? किलियन नुसता तापलेला हात फिरवतो आणि चिलखत काकडीसारखं कापलं जातं. क्लायमॅक्सला एवढे सूट आकाशातून उतरतात तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं नाही बोलणार, पण पुढच्या दहा मिनिटांत त्यातला एकही लक्षात राहील असं काही करत नाही. टोनी एकात शिरतो, तो फुटतो, दुसऱ्यात उडी मारतो, तो पण फुटतो. ज्याचं नावच लोखंडावरून पडलंय त्याचं लोखंड एवढं कच्चं दाखवायचं नसतं.

आणि द्वंद्वाला काही मान असतो की नाही? किलियनचं वैर टोनीशी. गच्चीवर ताटकळत ठेवलं टोनीने. पेपरला उचललं तेही टोनीला खिजवायला. तो हिशेब टोनीनेच चुकता करायला हवा होता. आपल्याकडे अशोकवनात हनुमान सीतेला पाठीवर बसवून न्यायला तयार होता, ती नाही म्हणाली, रामाने स्वतः यावं, रावणाला मारून न्यावं असं म्हणाली. का म्हणाली असेल? ज्याच्या माणसाला पळवलंय त्याने समोर उभं राहून लढणं यातच त्याची लाज राहते.

गोधडी

कोकणकडा, सीतेचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, कारण त्यावरच बोलायचंय. टोनी आला ना. सूट नसताना आला, तिथे कोण कोण आहे हे माहीत असताना आला. रामाने यावं ही सीतेची अट होती, ती इथे पूर्ण झालीच की.

पण तुम्ही दोघांनीही तो हाताचा सीन सोडून दिलात. पेपर लोखंडी सांगाड्यावर अडकलीये, खाली आग, टोनी वरून हात लांब करतोय, मी धरतो तुला असं काहीतरी म्हणतोय, बोटं अगदी जवळ येतात आणि सांगाडा निसटतो. ती खाली जाते. त्या वेळी त्याचा चेहरा बघा. जगातलं सगळं बनवू शकणाऱ्या माणसाला वीतभर अंतर कापता आलं नाही. मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा आमच्या घरात एक मोठं आजारपण चालू होतं, सगळे उपाय करून झाले होते, आणि तो पुढे आलेला हात बघून मी थिएटरमध्ये रडले होते. त्यामुळे या शेवटाबद्दल मी तटस्थ नाहीये, ते आधीच सांगते.

आणि अजून एक, जे कुणी बोलत नाही. टोनीने जार्विसला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटर मदतनिसाला, हुकूम दिलेला असतो की अंगात एक्स्ट्रिमिसची उष्णता असेल त्याला टिपा. पेपर आगीतून जिवंत बाहेर येते तेव्हा तिच्या अंगातही तेच असतं. म्हणून त्याचाच एक सूट तिच्या अंगावर धावून जातो, आणि कानातलं यंत्र पडल्यामुळे टोनीला तो थांबवता येत नाही. जिला सोडवायला सूट बोलावले तिच्यावरच सूट चालून आला! मग ती त्या सूटमधून हात आरपार घालते, त्याचाच पंजा काढून घेते आणि त्यानेच किलियनला संपवते. टोनीचं हत्यार आणि तिचा हात, दोघांनी मिळून केलं ते.

वाटसरू

कॉमिक्स वाचणारा म्हणून थोडी भर घालतो, आणि माझं पारडं कोकणकडांकडे झुकतं हे आधीच सांगतो.

आयर्न मॅन पहिल्यांदा आला १९६३ मध्ये, टेल्स ऑफ सस्पेन्सच्या ३९ व्या अंकात, तिथे गुहेच्या जागी व्हिएतनाम होतं पण कैद तीच, यिन्सेन तोच, तोही तसाच जीव देतो. म्हणजे रातकिडा म्हणतात ते बरोबर आहे, हे चिलखत जन्मालाच आलं कैदेतून सुटायला. पण सिनेमाने एक्स्ट्रिमिसची जी मूळ कथा घेतली (२००५-०६, सहा अंक) तिच्यात किलियन सुरुवातीलाच आत्महत्या करतो, तो व्हिलन नाहीच. आणि तिथे टोनी पहिल्या झटापटीत मरणाच्या दारात पोचतो, मग स्वतःच्या अंगात एक्स्ट्रिमिस टोचून घेतो, सूटचा आतला थर त्याच्या हाडांतून बाहेर येतो, आणि त्यानंतर तो समोरच्याला स्वतः मारतो. मारून झाल्यावर त्याला त्याचं ओझंही वाटतं. ते ओझं सिनेमात कुठाय? किलियनला मारण्याचं काम पेपरवर गेलं आणि टोनीचे हात स्वच्छ राहिले. मला ती पळवाट वाटते.

अर्धा चहा

स्त्री पात्राला न्याय मिळाला म्हणून जे या शेवटाचं कौतुक करतायत त्यांच्यासाठी एक गोष्ट. दिग्दर्शक शेन ब्लॅकने २०१६ मध्ये मुलाखतीत सांगितलंय की आधीच्या मसुद्यात व्हिलन बाई होती, पण बाईचं खेळणं विकलं जाणार नाही म्हणून कंपनीच्या वरच्या लोकांनी बदलायला लावलं. सिनेमात माया हॅन्सन आहे, एवढी हुशार शास्त्रज्ञ, एक्स्ट्रिमिसच्या मुळाशी तिचंच डोकं, आणि मध्यावर किलियन तिला गोळी घालतो, विषय संपला. पेपरच्या त्या वाराचा मला आनंदच झाला होता, पण मायाचं आठवलं की जीव चुटपुटतो.

रातकिडा

अर्धा चहा, मायाबद्दल शंभर टक्के सहमत, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वाटसरू, हात स्वच्छ राहिले हे मात्र पटत नाही. मार्क ४२ चे जे तुकडे पडलेले असतात ते टोनी किलियनच्या अंगावर चढवतो, त्याला आत बंद करतो आणि उडवून देतो. मारायलाच टाकलेला डाव होता तो. स्वतःचा सगळ्यात नवा सूट त्याने शत्रूला घातला! एक्स्ट्रिमिसमुळे किलियन त्यातूनही वाचतो ही वेगळी गोष्ट. आणि गोधडी, जार्विसच्या हुकुमाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, एवढ्या वेळा बघून. धन्यवाद.

ऱ्होडीबद्दल पण लिहायचं राहिलं. सूट गेला, पकडला गेला, तरी तो त्या बंगल्यात स्वतःच सुटतो, आणि जहाजावर राष्ट्राध्यक्षाला खाली आणतो तोही तोच. टोनीची त्यात मदत जवळपास नाहीच.

कोकणकडा

मार्क ४२ चा डाव मला पण आवडतो, म्हणूनच राग येतो हो. तिथेच संपवायचं ना! किलियन आत, टोनी सांगतो, सूट फुटतो, खलास. द्वंद्व पण झालं, त्याग पण झाला. मग पेपर आगीतून वर येऊ दे, दोघं भेटू देत.

त्यागाचं निघालंच आहे तर, शेवटी नाताळच्या रात्री सगळे सूट आकाशात फटाक्यांसारखे उडवतो, छातीतले धातूचे तुकडे काढून घेतो, ते तुकडे हृदयापासून लांब ठेवणारं छातीतलं चमकणारं यंत्र समुद्रात फेकतो. थिएटरमध्ये मला ते फार भिडलं होतं. आणि २०१५ मध्ये अल्ट्रॉनच्या सिनेमात पहिल्याच मारामारीत हा परत सूट घालून हजर, वर रिकाम्या सूटची फौज वेगळी. मग २०१३ ला आम्ही काय बघितलं होतं?

गोधडी

ते पुढच्या सिनेमाचं पाप आहे, या सिनेमाच्या माथी नका मारू.

तुम्ही म्हणता तसा शेवट केला असता तर पेपर फक्त पडली आणि वर आली एवढंच उरलं असतं. जिला बांधलं, जिच्या अंगात न विचारता आग भरली, तिला किलियनशी काहीच हिशेब नाही का? वैर टोनीचं होतं मान्य, पण भोगलं तिने.

कोकणकडा

हं. भोगलं तिने, हे खरं.

सूट कच्चे होते यावर मी ठाम आहे, त्यात बदल नाही. पण तो कानातलं यंत्र पडण्याचा भाग मला अजिबात आठवत नाहीये, आज रात्री जहाजापासून पुढचं परत बघतो आणि उद्या इथेच लिहितो.