समितीला मुदतवाढ मिळाली, आता आमच्या निवेदनाचं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या राज्याच्या विधिमंडळाने बसस्थानकं, थांबे, पादचारी पूल, लिफ्ट या सगळ्याची चौकशी करायला समिती नेमली आहे. माझी आई आठ वर्षं व्हीलचेअरवर आहे, म्हणून मी समितीला सात पानी निवेदन पाठवलं. अहवाल याच अधिवेशनात यायचा होता. परवा थेट प्रक्षेपण बघत बसले होते. समिती प्रमुख उभे राहिले, पुढच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत वाढवून द्यावी असा प्रस्ताव वाचला, आवाजी मतदान झालं आणि दोन मिनिटांत विषय संपला. कारण एका ओळीत: साक्षी अपुऱ्या आहेत.

अडचण अशी की माझं निवेदन आता जुनं झालंय. त्यात स्थानकाच्या रॅम्पबद्दल लिहिलं होतं. अपंगांसाठीच्या रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. हा रॅम्प दीड फूट चढतो आणि लांबी आहे नऊ फूट, मी टेप लावून मोजलीय. वरच्या टोकाला चार बोटं उंच कड आहे. तिथे मला खुर्ची मागे कलती करून पुढची चाकं उचलावी लागतात, तेव्हा आई हातदांडे गच्च धरते आणि डोळे मिटून घेते. निवेदन गेल्यानंतर तिथे दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे बसवले. उतार तोच, कड तीच, वर जागाही अरुंद झाली.

मला जुनं निवेदन परत घेऊन नवं देता येईल का? मुदतवाढ म्हणजे नव्याने म्हणणं मांडायला वाव असतो का? आणि खरं सांगा, मुदतवाढ म्हणजे विषय गुंडाळायची तयारी असते का? आईला काय सांगू ते कळत नाहीये.

प्रतिसाद १

ताई, जुनं निवेदन परत मागू नका. लोकसभेच्या नियमांत समितीकडे दिलेला कागद तिच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही की बदलता येत नाही, राज्यांच्या नियमावल्याही बहुतेक त्याच धर्तीवर असतात. 'पुरवणी निवेदन' असा मथळा द्या, पहिल्या निवेदनाची तारीख आणि आवक क्रमांक लिहा आणि फक्त बदललेली गोष्ट मांडा. पत्ता विधिमंडळ सचिवालयातल्या त्या समितीच्या कक्षाचा. समितीने निवेदनं मागवायची तारीख ठरवली असेल तर ती अहवालाच्या मुदतीबरोबर आपोआप पुढे जात नाही, म्हणून आधी कक्षाला फोन करून विचारा. प्रत्यक्ष साक्ष द्यायची तयारी असेल तर तेही लिहा. बोलवायचं की नाही ते समिती ठरवते, पण लिहिलंच नाही तर तिला कळणार कसं?

प्रतिसाद २

गुंडाळतात का, याचं एकच उत्तर नाही. वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकावरची संयुक्त संसदीय समिती डिसेंबर २०१९ मध्ये नेमली, मुदत पुन्हापुन्हा वाढली आणि अहवाल पटलावर आला १६ डिसेंबर २०२१ ला. उलट, वक्फ विधेयकावरच्या समितीला नोव्हेंबर २०२४ मध्ये २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत वाढ मिळाली होती, तरी अहवाल १३ फेब्रुवारीलाच पटलावर आला. दुसरी वाढ मागितली जाते का ते बघत राहा, आणि कारण तेच दिलं जातं का तेही.

खरी भीती वेगळी आहे. विधानसभाच विसर्जित झाली तर तिची समितीही संपते, मग मुदत कितीही शिल्लक असो. तुमच्याकडे निवडणूक जवळ आली असेल तर घाई करा. आणि साक्ष दिलीत तर अहवाल पटलावर येईपर्यंत ती गोपनीय धरली जाते, आत काय झालं ते बाहेर टाकू नका.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ नक्की उद्धृत करा, ते वाहतुकीतल्या सुलभतेचंच आहे. मग तुमचा रॅम्प ही एका घरची तक्रार राहत नाही. फोटो काढताना टेप रॅम्पवर ठेवूनच काढा, आकडे वाचता आले पाहिजेत. आमच्या मंडळींनी नुसते रॅम्पचे फोटो दिले होते, त्यावरून कोणालाच काही समजलं नाही.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आवक क्रमांक सापडला, पोचपावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला होता. आज सकाळी आईला घेऊनच स्थानकावर गेले. कठड्यांमधलं अंतर २९ इंच भरलं, तिची खुर्ची २७ इंच रुंद आहे. तिने स्वतः चाकं फिरवून बघितली तर दोन्ही हातांची बोटं लोखंडाला घासली. टेपसकट फोटो काढलेत. कक्षाला फोन केला, निवेदनं अजून घेतायत. पुरवणी निवेदन उद्या स्पीड पोस्टाने जाईल. साक्षीला बोलावलं तर मी येईन असं मी लिहिलं होतं, आईने ते खोडून 'आम्ही दोघी येऊ' असं केलंय.

आता एकच विचारायचंय: व्हीलचेअर घेऊन समितीसमोर जायचं असेल तर सचिवालयाला आधी वेगळं कळवावं लागतं का? कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.